चार बटणांचा एक्स्टेंशन बोर्ड आणि सॉकेटमध्ये राहून गेलेले चार्जर

फोन काढून घेतला, पण चार्जर सॉकेटमध्येच आणि बटणही चालूच, हे दृश्य आता बहुतेक घरांत दिसते आणि त्यावरून घरात होणारे वादही ठरलेले असतात. कोणी वीजबिलाचा मुद्दा काढतो, कोणी आगीचा, कोणाला रांगत्या मुलाची काळजी असते, तर कोणाला उशाशी राहिलेल्या चार्जरमधून निघणाऱ्या ‘किरणां’ची. या सर्वांवर एकच उपाय म्हणून विकला जाणारा, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असलेला स्पाइक गार्ड (विजेच्या झटक्यांपासून संरक्षण देणारा एक्स्टेंशन बोर्ड) मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेसातशे रुपयांना आणला आणि बैठकीच्या खोलीत पुरेसा काळ वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण याच धाटणीचे बोर्ड अनेक कंपन्या विकतात आणि ते पारखण्याच्या कसोट्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात.

अशा बोर्डाची गरज का भासते, हे आधी सांगायला हवे. भिंतीवरच्या सॉकेटशेजारी बटण असणे ही आपल्याकडे गृहीत धरलेली सोय आहे. अमेरिकेत आणि युरोपातील बऱ्याच देशांत ती नसते, त्यामुळे तिकडे चार्जर बंद करायचा म्हणजे तो उपसूनच काढावा लागतो. आपण मात्र स्वस्तातला एक्स्टेंशन आणून ही सोय आपल्याच हाताने घालवतो. चार सॉकेटना मिळून एकच बटण असले की त्यातल्या एकात वायफायचा राउटर बसतो, राउटर बंद करायचा नसतो, म्हणून उरलेली तीन सॉकेटही दिवसरात्र चालू राहतात. स्वतंत्र बटणांचा बोर्ड ही अडचण नेमकी सोडवतो, आणि केवळ एवढ्याच कारणासाठी कोणी तो घेतला तरी त्याचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

बोर्डाला चार सॉकेट, चार बटणे आणि प्रत्येक बटणात लाल दिवा आहे. केबल दीड मीटरची आणि तीन तारांची आहे. भार १० अँपियरच्या वर गेल्यास उडणारे आणि बोटाने दाबून पुन्हा बसवता येणारे ओव्हरलोडचे बटण बाजूला आहे. सॉकेटच्या भोकांवर आतून शटर आहेत, म्हणजे एकाच भोकात तार किंवा खिळा खुपसला तर तो आत जात नाही. पेटीवर मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘वीज वाचवा’ छापलेले आहे, आणि या दाव्यापुरता हा बोर्ड निराशा करतो.

त्याचे कारण बोर्डात नाही, चार्जरमध्ये आहे. फोन न जोडलेला आजचा चार्जर इतकी कमी वीज घेतो की बचत करायला फारसे काही उरतच नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२० पासून, ४९ वॅटपर्यंतच्या नेहमीच्या ॲडॉप्टरने रिकामा असताना ०.१ वॅटपेक्षा जास्त वीज घेता कामा नये. अमेरिकेत याच मर्यादेचा नियम फेब्रुवारी २०१६ मध्ये लागू झाला. नामांकित कंपन्यांचे चार्जर जगभर विकायचे म्हणून याच मापाने बनतात. ०.१ वॅट वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, सलग चालू राहिला तरी ०.८८ युनिटच्या आत भरतो. युनिट १० रुपयांना धरला तरी वर्षाचे ९ रुपये होतात. घरात असे पाच चार्जर अहोरात्र लावलेले असले तरी वर्षाकाठी पन्नास रुपये वाचणार नाहीत, आणि साडेसातशे रुपयांचा बोर्ड या हिशेबात कधी वसूल होईल याचे गणित ज्याचे त्याने करावे.

या दाव्याची गंमत बोर्डातच दडलेली आहे. बटणातला तो छोटा लाल निऑन दिवा आपल्या रोधकासह साधारण रिकाम्या चार्जरइतकीच, किंबहुना थोडी अधिक वीज घेतो. चार्जरची वीज वाचवायला लावलेला दिवा चार्जरइतकाच खर्चिक निघावा, हे त्या पेटीवरच्या घोषणेला शोभत नाही. बाजारात मिळणारे प्लगमध्ये लावायचे स्वस्त वॉटमीटर या दोघांपैकी कोणाचाच नीट पत्ता लागू देत नाहीत. इतक्या कमी भाराला ते सरळ शून्य दाखवतात, त्यामुळे अशा मीटरवरचे शून्य पाहून किंवा त्यावर उगाच नाचणारा आकडा पाहून निष्कर्ष काढू नयेत.

वीज खाण्याची ही भीती निराधार मात्र नाही. ती जुन्या काळातून चालत आलेली आहे. आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असलेले जुने, हाताला जड लागणारे चार्जर रिकामे असतानाही कोमट राहत, आणि तो कोमटपणा म्हणजेच वाया जाणारी वीज होती. २००७ साली नोकियाने आपल्या काही साध्या फोनमध्ये, बॅटरी भरल्यावर चार्जर सॉकेटमधून काढण्याची आठवण पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. आपल्यापैकी अनेकांना ती सूचना आठवत असेल. पुढच्याच वर्षी नोकिया, सॅमसंग, एलजी, मोटोरोला आणि सोनी एरिक्सन या पाच कंपन्यांनी रिकाम्या चार्जरच्या वीजवापरावरून त्यांना तारे देण्याची पद्धत सुरू केली, ज्यात पाच ताऱ्यांसाठी मर्यादा ०.०३ वॅट होती. चार्जर सुधारले, सल्ला तेवढा जुनाच राहिला. जुना कॉर्डलेस फोन, दाढीचे यंत्र किंवा माळ्यावरचा रेडिओ यांचे जड ॲडॉप्टर अजून लावलेले असतील तर त्यांच्यासाठी तो सल्ला आजही योग्य आहे. बिलाचीच चिंता असेल तर मात्र नजर टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सकडे वळवावी. रिमोटने ‘बंद’ केल्यावरही तो १० वॅट घेत असेल, तर वर्षाला जवळपास ८८ युनिट तिथेच जातात. या बोर्डाच्या एका सॉकेटवर मी तोच जोडला आहे, आणि बोर्डाने खरी वीज वाचवली असेल तर ती या एका बटणाने.

आता सुरक्षेकडे येऊ, कारण बोर्ड घेण्यामागचा गंभीर हेतू तोच असतो. चार्जर भिंतीला लावल्याक्षणी त्याच्या आतला एक अर्धा भाग विजेच्या पूर्ण दाबाखाली (व्होल्टेजखाली) येतो: २३० व्होल्टचा एसी पुरवठा डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्टने एका कपॅसिटरमध्ये साठतो आणि तिथून छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्गे पलीकडच्या अर्ध्या भागात ५ व्होल्ट म्हणून उतरतो. फोन जोडलेला असो वा नसो, पहिल्या अर्ध्यावरचा दाब कायम असतो. चांगल्या चार्जरमध्ये या दोन भागांत काही मिलीमीटरचे मोकळे अंतर, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमध्ये इन्सुलेशनचे थर आणि पुरवठ्याच्या तोंडाशी फ्यूज असतो, आणि दोन भागांमधले इन्सुलेशन ३,००० व्होल्ट एसी सोसते की नाही याची चाचणी घेतली जाते. असा चार्जर रिकामा लावून ठेवला तर तो हाताला गारच लागतो, आणि आग लागण्याइतकी उष्णता त्यात निर्माण होण्याचे सर्वसाधारण कारण उरत नाही. फोन जोडलेला असताना तो याहून कितीतरी जास्त तापत असतो. म्हणजे रात्रभर फोनसकट गादीवर पडलेल्या चार्जरकडे दुर्लक्ष करून भिंतीवरच्या रिकाम्या चार्जरची धास्ती घेणे उलटे आहे.

नकली चार्जरची गोष्ट निराळी. सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या यूएल या संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली ॲडॉप्टर तपासले. त्यांपैकी इन्सुलेशनच्या चाचणीत केवळ ३ टिकले आणि १२ तर वापरणाऱ्याचा जीव घेऊ शकतील इतके वाईट होते. बाहेरून ते अस्सलसारखेच दिसत होते. फूटपाथवर शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या ‘फास्ट चार्जर’मध्ये अंतर राखण्याचा किंवा फ्यूज बसवण्याचा खर्च परवडतच नाही, आणि अशा वस्तूला जितका अधिक वेळ पुरवठा मिळेल तितकी ती बिघडण्याची संधी वाढते, एवढाच रिकाम्या चार्जरच्या धोक्याचा खरा अर्थ आहे. आपल्याकडे संगणक-मोबाइलच्या ॲडॉप्टरना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानकाचा क्रमांक (बहुधा आयएस १३२५२) आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे छापलेले असतात. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या वस्तूचा आहे ते दिसते. क्रमांक न सापडणारा, किंवा भलत्याच वस्तूचा निघणारा चार्जर कोणत्याही बोर्डावर लावू नये. साडेसातशेचा काय, पाच हजारांचा बोर्डसुद्धा त्याच्या आतले अंतर वाढवू शकत नाही.

बोर्डाने करायचे काम वेगळे आहे: प्लगची पिन घट्ट धरणे आणि बटण बंद केल्यावर पुरवठा खरोखर तोडणे. पहिल्या कामात हा बोर्ड बरा आहे. चार्जरशी संबंधित बरेच जळके सॉकेट प्रत्यक्षात चार्जरमुळे जळत नाहीत, तर लूज कॉन्टॅक्टमुळे जळतात. पिन आणि पितळी पट्टी यांच्यात बारीक ठिणग्या पडत राहतात, जागा काळी पडते, प्लास्टिक मऊ होते. घरातली एमसीबी (प्रवाह फार वाढला की पुरवठा तोडणारा स्विच) यात मदत करत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो, आणि आरसीसीबीही (वीज शरीरातून किंवा जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) करत नाही, कारण गळती झालेली नसते. अनेक चार्जरच्या पिना युरोपीय धर्तीच्या, ४ मिलीमीटर जाडीच्या असतात, तर आपल्या ६ अँपियरच्या सॉकेटची भोके त्याहून जाड पिनांसाठी असतात, त्यामुळे स्वस्त बोर्डांत हे चार्जर लोंबकळतात. या बोर्डाच्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या आवळणाऱ्या आहेत आणि बारीक पिनही त्यांत हलत नाही. एका सॉकेटची पकड मात्र रोजच्या काढ-घालीने सैल होऊ लागली आहे, आणि यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे: दर वेळी प्लग उपसण्याची शिस्त पाळली तर सॉकेट लवकर ढिले होते, म्हणून नेहमीच्या वापरात चार्जर जागेवर ठेवून बटण बंद करणे हीच अधिक शहाणपणाची सवय ठरते.

दुसऱ्या कामात बोर्ड अर्धाच उतरतो. पुरवठ्यापासून वेगळा करून मी तळाचे स्क्रू काढून पाहिले, तेव्हा आतील चारही बटणे एकेरी निघाली, म्हणजे ती फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांपैकी एकच तोडतात. भिंतीच्या सॉकेटची जोडणी बरोबर असेल तर ती तार फेजची असते आणि प्रश्न मिटतो. परंतु जुन्या इमारतींत, किंवा घाईत वायरिंग केलेल्या नव्या इमारतींतही, फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले आढळतात. अशा ठिकाणी हे बटण न्यूट्रल तोडते, दिवा विझतो, चार्जर बंद दिसतो, आणि त्याच्या आत फेज मात्र तशीच येऊन उभी असते. फोनच्या धातूच्या कडेला किंवा लॅपटॉपच्या पाठीवर हाताला जाणवणाऱ्या झिणझिण्या बऱ्याचदा चार्जरच्या दोन भागांना जोडणाऱ्या एका लहान कपॅसिटरमधून येतात. चांगल्या चार्जरमध्ये त्या निरुपद्रवी असतात, परंतु बटण बंद असतानाही त्या जाणवत असतील तर जोडणी उलटी असल्याचा तो इशारा समजावा. आपल्या थ्री-पिन सॉकेटकडे पाहताना, अर्थिंगचे मोठे भोक वर असेल, तर फेज उजवीकडे असायला हवी. वायरमनला टेस्टर घेऊन हे तपासायला दोन मिनिटे लागतात. दोन्ही तारा एकदम तोडणारी दुहेरी बटणे बसवली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता, आणि या किमतीत ती अपेक्षा अवाजवी नव्हती. बोर्डाचे गुण मी मुख्यतः इथे कापतो.

‘सर्ज प्रोटेक्शन’ हे लेबलही जपून वाचावे. आत एमओव्ही नावाच्या नाण्याएवढ्या चकत्या आहेत. क्षणभर आलेला जास्तीचा दाब त्या स्वतःवर घेतात, प्रत्येक धक्क्यानिशी थोड्या झिजतात, आणि झिजल्याचे कळायला बोर्डावर वेगळा दिवा नाही. फेज आणि अर्थिंग यांमधल्या चकत्या अर्थिंग असेल तरच उपयोगी, आणि पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगचे भोक अनेकदा केवळ शोभेला असते. त्याहून गंभीर प्रसंग म्हणजे डीपीपासून येणाऱ्या लाइनचा न्यूट्रल तुटणे. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि तो क्षणभर नव्हे, लाइनमन येईपर्यंत टिकतो. २४० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यासाठी बनवलेल्या चार्जरचा कपॅसिटर अशा वेळी फुटतो, आणि चकत्याही तापून जळू शकतात. म्हणून चकतीला चिकटून उष्णतेने तुटणारा फ्यूज असणे आवश्यक असते. या बोर्डात तो आहे, हे मान्य करायला हवे. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की मात्र बटणावर विसंबू नये. बटणाच्या आतील फट काही मिलीमीटरचीच असते, आणि जवळ पडलेल्या विजेला तेवढे अंतर ओलांडणे अवघड नाही; त्या वेळी बोर्डाचा मुख्य प्लगच भिंतीतून काढावा. रिकामे चार्जर दगावण्याचे हे आपल्याकडचे खरे निमित्त आहे, आणि गावाकडे लांबलचक उघड्या तारांवरून पुरवठा येणाऱ्या घरांत तर अधिकच.

लहान मुलांच्या बाबतीत शटरचा उपयोग आहे, तरी खरा धोका सॉकेटच्या भोकापेक्षा केबलच्या लोंबत्या टोकाला असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कारवार तालुक्यातील एका गावात, चालू ठेवलेल्या चार्जरच्या केबलचे टोक तोंडात घातल्याने आठ महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती. धड चार्जरच्या त्या टोकाला ५ व्होल्ट असतात आणि त्यांनी असा प्रसंग ओढवत नाही. मात्र आतले इन्सुलेशन फसलेले असेल तर त्याच टोकावर भिंतीतला पुरवठा येऊ शकतो. शिवाय लाळेने ओल्या झालेल्या टोकावर ५ व्होल्टनेही ओठ-जीभ भाजण्यासारखी इजा होऊ शकते. रांगते मूल असलेल्या घरात बटण बंद करण्यासोबत केबल काढून वर ठेवावी आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आहे की नाही हे पाहून घ्यावे. ती नसेल तर बोर्डापेक्षा आधी तिच्यावर खर्च करावा. दीड मीटरची आखूड केबल मला एरवी गैरसोयीची वाटली, कारण सोफ्याच्या पलीकडे ती पोहोचत नाही. मुलांच्या दृष्टीने मात्र बोर्ड जमिनीवर न ठेवता मागच्या खाचेने भिंतीवर टांगता येतो, ही गोष्ट जमेची.

उशाशी असणाऱ्या चार्जरच्या ‘किरणां’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा सामान्य नागरिकांसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे (२०१० पूर्वी ती १०० होती), आणि क्षेत्र वाहत्या प्रवाहावर अवलंबून असते. रिकाम्या चार्जरमधून प्रवाहच नगण्य वाहतो, शिवाय हातभर अंतरावर त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. झोपमोड होत असेल तर त्याची कारणे साधी आहेत. काही चार्जर रिकामे असताना बारीक शिट्टीसारखा आवाज करतात, जो तरुण कानांना ऐकू येतो आणि आजोबांना येत नाही, त्यामुळे घरात त्याच्या अस्तित्वावरूनच मतभेद होतात. दुसरे कारण या बोर्डाचेच लाल दिवे आहेत. शयनगृहात ते नको इतके डोळ्यांवर येतात.

किरकोळ तक्रारींत सॉकेटमधले अंतर येते. लॅपटॉपचा ६५ वॅटचा जाडजूड चार्जर लावला की शेजारचे सॉकेट झाकले जाते, आणि चारांचा बोर्ड तिघांचाच उरतो. पेटीवरचा १० अँपियरचा आकडा पाहून कोणी त्यावर इस्त्री आणि पाण्याचा हीटर एकत्र लावण्याच्या मोहात पडू नये. २३० व्होल्टला तो २,३०० वॅट होतो, आणि ही दोन उपकरणे मिळून तो सहज ओलांडतात. ओव्हरलोडचे बटण मी मुद्दाम उडवून पाहिले. ते उडायला वेळ घेते, पण उडते.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि दोन-तीन चार्जर एकाच कोपऱ्यात एकवटलेल्या घरांनी, वायरिंग तपासून घेऊन, हा बोर्ड जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे भिंतीवर पुरेशी सॉकेट आणि त्यांना नीट चालणारी बटणे आहेत त्यांना त्याची गरज नाही. आणि ज्यांच्या घरात अजून नोंदणीचे आकडे नसलेला एखादा चार्जर वापरात आहे, त्यांनी हेच साडेसातशे रुपये आधी नोंदणी क्रमांकाच्या चार्जरवर खर्च करावेत. बोर्ड पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.